पोवाड्याचा साऊंड: शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कसा न्यायचा

कोल्हापुरात साऊंडचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "बेस किती लावल्यात?" बेस म्हणजे खालचा धडधड आवाज काढणारे मोठे स्पीकर. चार, आठ, सोळा, जितके जास्त तितका कार्यक्रम भारी असं आपल्याकडं गणित आहे आणि मिरवणुकीपुरतं ते मी समजू शकतो. पण पोवाड्याला ते गणित लावू नका. पोवाडा म्हणजे गोष्ट आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं, पन्हाळ्याच्या वेढ्यातनं महाराज कसे निसटले, बाजीप्रभू खिंडीत कसा उभा राहिला, हे शेवटच्या खुर्चीवरच्या आजीला शब्द न् शब्द कळलं नाही तर तुमच्या सोळा बेसचा काय उपयोग? जमीन हादरली म्हणजे पोवाडा पोचला असं नसतंय.

मी पेठांतल्या मंडळांचे शाहिरी कार्यक्रम, भजनं, कधी कधी शाळांची गॅदरिंग अशा ठिकाणी मिक्सरवर बसतो. शिवजयंती जवळ आली की नवीन पोरं विचारायला येतात, दादा पोवाड्याला मिक्सर कसा लावायचा, कुठलं बटण किती ठेवायचं. बटण किती याला उत्तर नाही, कारण दर वेळी चौक वेगळा, माईक वेगळा, गळा वेगळा. पण कशानंतर काय करायचं आणि ते का करायचं हे सांगता येतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या गावात पोवाड्याचा साऊंड नीट लागला पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं.

आधी जागेचं बोलू. केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधलं, १९१५ साली ते पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालं. तेव्हा स्टेजवर माईक नव्हता की ॲम्प्लिफायर नव्हता, नट उभा राहून पद म्हणायचा आणि मागं बसलेल्या प्रेक्षकाला ते कळायचं. गळ्याला फेक होती आणि वास्तू साथ देत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या थिएटरला आग लागली तेव्हा अख्खं गाव हळहळलं, मला तर घरातलं कुणीतरी गेल्यासारखं झालं. आता आपला कार्यक्रम असतो मिरजकर तिकटीला नाहीतर दसरा चौकात नाहीतर एखाद्या बोळाच्या तोंडाला, वर उघडं आभाळ, बाजूनं गाड्या, मागं जनरेटर. इथं वास्तू काही साथ देत नाही, सगळं काम सिस्टीमनंच करायचं असतं. उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, म्हणजे ४ मीटरवर जे ऐकू येतंय त्यापेक्षा ८ मीटरवर ६ कमी, १६ मीटरवर १२ कमी. म्हणून टॉप, म्हणजे शब्द लोकांपर्यंत नेणारे मुख्य स्पीकर, जमिनीवर किंवा टेबलावर ठेवले की पुढच्या दोन रांगांचे कान फुटतात आणि मागं काही पोचत नाही. टॉप स्टँडवर चढवा, हॉर्न (टॉपमधलं बारीक आवाजाचं भोंग्यासारखं तोंड) बसलेल्या लोकांच्या डोक्याच्या वर येऊ दे, आणि तोंड किंचित खाली, शेवटच्या रांगेकडं. समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीवर आवाज मारू नका, तो परत येतो आणि शब्द दुप्पट ऐकू येतात.

गर्दी रस्त्यावर लांबपर्यंत असेल तर पुढचे टॉप जोरात करण्यापेक्षा मध्येच अजून एक जोडी लावा आणि तिला डिले, म्हणजे किंचित उशीर, द्या. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, वायरीतून मात्र लगेच पोचतो, त्यामुळे ३० मीटरवर लावलेल्या टॉपमधून शब्द आधी येतो आणि स्टेजवरचा साधारण ८७ मिलिसेकंदांनी मागून येतो. लोकांना वाटतं इको टाकलाय. त्या जोडीला ८७ आणि वर अजून दहाएक मिलिसेकंद डिले दिला की आवाज स्टेजवरूनच येतोय असं कानाला वाटतं. आजकालच्या डिजिटल मिक्सरमध्ये आऊटपुटला डिले असतोच, अंतर पावलांनी मोजलं तरी चालतं.

आणि टॉप कायम माईकच्या पुढं पाहिजेत, म्हणजे शाहीर टॉपच्या रेषेच्या मागं उभा पाहिजे. मंडळवाल्यांना स्टेज डेकोरेशनमध्ये टॉप अडचणीचे वाटतात, ते मागं सरका म्हणतात, तिथं हात जोडून पण ठामपणे नाही म्हणायचं. टॉप मागं गेले की त्यांचा आवाज थेट माईकमध्ये शिरतो आणि मग रात्रभर शिट्टी.

आता वीज. हे मी कळकळीनं लिहितोय. हम, म्हणजे स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज, यायला लागला की आपल्याकडं काही जण प्लगची अर्थची जाड पिन तोडतात किंवा तिला टेप गुंडाळतात. हम जातो सुद्धा. पण ॲम्प्लिफायरमध्ये आत कुठं वायर टच झाली तर तो करंट बॉडीत येतो, बॉडीतून केबलच्या जाळीत, जाळीतून माईकमध्ये, आणि माईक शाहिराच्या ओठाला लागलेला असतो. जूनमध्ये शाहू जयंतीच्या टायमाला तर खाली ओलं असतं, पाय ओले असतात. अर्थ कधीही तोडायचा नाही. हम घालवायचा असेल तर मिक्सर, ॲम्प आणि स्टेजवरचं सगळं एकाच बोर्डातून घ्या, लाईटिंग आणि डिमर वेगळ्या लाईनवर टाका, लॅपटॉप किंवा कीबोर्ड डीआय बॉक्समधून (त्यांचा सिग्नल मिक्सरला नीट जोडून देणारी छोटी डबी) घ्या आणि त्या बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, ते फक्त सिग्नलचा ग्राउंड सोडतं, विजेचा अर्थ तसाच राहतो. जनरेटरवर असाल तर त्याला पण खाली जमिनीत अर्थ दिलाय का बघून घ्या. चालू करताना मिक्सर आधी आणि ॲम्प सगळ्यात शेवटी, बंद करताना ॲम्प आधी. उलटं केलं की "धप्प" करून जो झटका बसतो त्यात हॉर्नचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, जातो.

माईकचं जास्त लांबवत नाही. शाहिराला साधा डायनॅमिक माईक बेस्ट. शुअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून चालत आलाय आणि अजून सगळीकडं तोच दिसतो ते उगाच नाही, तो समोरचं घेतो, पाठीमागचं टाळतो, आणि पडला तरी चालतो. डुप्लिकेट मात्र खूप फिरतात, माहितीच्या दुकानातनंच घ्या. या माईकला पाठीमागं, म्हणजे जिथून केबल निघते त्या दिशेला, सगळ्यात कमी ऐकू येतं. म्हणून मॉनिटर, म्हणजे शाहिराला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, बरोबर त्या रेषेत ठेवायचा, शाहिराच्या समोर जमिनीवर, तोंड शाहिराकडं. बीटा ५८ सारखा सुपरकार्डिऑईड असेल तर गोष्ट बदलते, त्याला पाठीमागून थोडं ऐकू येतं आणि बहिरी जागा तिरकी, साधारण १२५ अंशावर असते, म्हणून मॉनिटर सरळ समोर न ठेवता बाजूला तिरका. एवढ्या एका सरकवण्यात मॉनिटर बराच जास्त उघडता येतो, तरी निम्मी पोरं मॉनिटर जिथं जागा मिळेल तिथं टाकतात.

डफ बहुतेक वेळा शाहिराच्याच हातात असतो, त्यामुळं गळ्याचा माईक स्टँडवर. डफ इतका कडक वाजतो की तो गळ्याच्या माईकमध्ये आपोआप येतो, त्याला वेगळा माईक छोट्या चौकात लागत नाही. तुणतुणं बारीक असलं तरी त्याचा आवाज वरच्या पट्टीत असल्यामुळं ऐकू जातं, झीलकऱ्यांच्या (शाहिरामागं "जी जी" ची साथ देणाऱ्यांच्या) माईकजवळ उभं केलं की झालं. पेटीला माईक वरून, सुरांच्या बाजूनं, वीतभर अंतरावर. भात्याच्या बाजूला लावला की भाता ओढल्याचा फसफस आवाज सूरापेक्षा जास्त येतो. ढोलकीला दोन्ही पानांना दोन माईक मिळाले तर सोनंच, एकच असेल तर वरून मध्यावर. झीलकरी तिघं असतील तर तिघांना तीन माईक देऊ नका. एकच माईक, तिघं अर्धगोल करून एका वितीपेक्षा थोडं जास्त अंतर ठेवून. कारण चालू असलेले माईक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज ३ डेसिबलनं कमी होतो. स्टेजवर ८ माईक उघडे ठेवण्याऐवजी ४ ठेवले तर ३ डेसिबल फुकटात मिळतात, आणि ३ डेसिबल वाढवायला ॲम्पची पॉवर दुप्पट लागते, म्हणजे विचार करा.

बरं, आता मिक्सर. सगळे फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) खाली, मास्टर (सगळ्यांचा मिळून एक फेडर) खाली, ऑक्स (मॉनिटर, इकोला वेगळा आवाज पाठवायची बटणं) सगळे शून्य, ईक्यू (जाड-बारीक आवाज कमीजास्त करायची बटणं) मध्यावर. एकेक चॅनेल नीट घ्यायचं, सगळे माईक एकदम चालू करून "हॅलो हॅलो" करत बसायचं नाही. पहिला शाहीर.

गेन हे बटण सगळ्यात वर असतं आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच. माईकमधून येणारा सिग्नल अगदी बारीक असतो, गेन त्याला मिक्सरला कामाचा होईल एवढा मोठा करतो. कमी ठेवला तर पुढं कुठंतरी वाढवावा लागतो आणि सोबत सूंऽऽ असा आवाज वाढतो, जास्त ठेवला तर गळा चढला की फाटतो, आणि एकदा इथं फाटलेला आवाज पुढं कुठलंही बटण शिवत नाही. तर चॅनेलचं पीएफएल (फक्त तेवढ्या चॅनेलचा आवाज मीटरवर दाखवणारं बटण) दाबा, मीटर बघा, आणि शाहिराला सांगा की "चेक चेक" नको, पोवाड्यातली सगळ्यात चढी ओळ म्हणा. तो थोडा लाजतो, समोर खुर्च्या रिकाम्या असतात, मंडपवाले दोर बांधत असतात, तो अर्ध्या ताकदीनं म्हणतो. परत सांगायचं, शाहीर, अफजलखानाचा कोथळा निघतोय असं म्हणा की. मग तो श्वास घेतो, मान वर जाते, डावा हात डफावर ताणला जातो, आणि जो आवाज निघतो तो आधीपेक्षा कमीत कमी दीडपट असतो. गेन त्या आवाजावर लावायचा. त्या ओळीला ॲनालॉग मिक्सरवर मीटर शून्याच्या थोडं वर जाईल आणि लाल लाईट पेटणार नाही एवढा. डिजिटलवर नेहमीचं बोलणं उणे १८ च्या आसपास आणि चढी ओळ उणे १० ते उणे ६ पर्यंत. आणि तरी पण अजून थोडी जागा ठेवा, कारण रात्री समोर गर्दी आली, "जय भवानी" ची घोषणा झाली की तोच माणूस साऊंड चेकपेक्षा वर जातो. दर वेळी जातो. त्याचं रक्तच ते असतं.

गेन लागला की चॅनेलचा फेडर शून्याच्या खुणेवर आणायचा आणि मग मास्टर हळूहळू वर. फेडर शून्याजवळ का, तर तिथं खुणा लांब लांब असतात, बोट थोडं सरकलं की आवाज थोडाच बदलतो. फेडर खाली पार तळाशी ठेवून काम केलं तर केसभर हललं तरी १० डेसिबल इकडं तिकडं होतात. बरेच जण गेन ठासून ठेवतात आणि फेडर तळाला ठेवून रात्रभर कसरत करतात, त्यांच्या शेजारी उभं राहिलं तरी कळतं की हा माणूस आवाजाच्या मागं पळतोय.

मग लो कट, म्हणजे खालचा जाड आवाज कापणारं बटण. हे बटण छोटं असतं, बऱ्याच मिक्सरवर ८० किंवा १०० हर्ट्झ लिहिलेलं असतं. गळ्याच्या प्रत्येक माईकला दाबा, पेटीला दाबा. डिजिटल असेल तर शाहिराला १२० ते १५० पर्यंत न्या, शाहीर वरच्या पट्टीत गातो, त्याच्या खाली त्याच्या गळ्यात काही नसतं. तिथं असतो फक्त स्टेजच्या फळ्यांचा धाडधाड, वारा, आणि जनरेटरची घरघर. आणि बेस लावलेच असतील (मंडळ ऐकत नाही ते मला माहितीय) तर बेसला वेगळा ऑक्स द्या आणि त्यात फक्त ढोलकी सोडा. गळा बेसमध्ये गेलाच नाही पाहिजे. हे एवढं केलं की बेस धडाडतात पण आणि शब्द पण स्वच्छ राहतो, मंडळ पण खूश.

ईक्यूला कुठून सुरुवात करायची विचारतात तर मी म्हणतो आधी कापायला शिका. गळ्याला २५० ते ४०० च्या मध्ये ३-४ डेसिबल कमी करून बघा, मडक्यातनं बोलल्यासारखा जो घुमट आवाज असतो तो जातो. आपल्या भाषेत स्वर म्हणजे आ, ओ, ऊ यांची ताकद खाली असते आणि व्यंजनं वर, साधारण २ ते ४ किलोहर्ट्झ आणि त्याच्या पुढं. शाहीर "कडा" म्हणाला की "खडा", "पाठ" म्हणाला की "पाट", हे तिथं ठरतं. खालचा आवाज जास्त झाला की तो या वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो, कानाचा तो गुणच आहे, म्हणून बेस वाढवला की लोक म्हणतात आवाज आहे पण कळत काही नाही. मंडळाचा अध्यक्ष येऊन "अजून वाढीव की रं" म्हणतो तेव्हा मी मास्टरला हात लावत नाही. शाहिराचा ३ किलोहर्ट्झजवळ २ डेसिबल वाढवतो, ढोलकी थोडी खाली घेतो. तो लांब जाऊन ऐकतो आणि तिकडून अंगठा दाखवतो. त्याला आवाज वाढलाय असंच वाटतं, आणि त्याचं बरोबरच आहे, त्याला जे पाहिजे होतं ते शब्दच होते, फक्त मागता येत नव्हतं.

मॉनिटरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. शाहिराला स्वतःचा आवाज नीट आला नाही की तो जास्त ताणतो, अर्ध्या तासात गळा बसतो आणि पुढचा दीड तास कितीही भारी सिस्टीम असली तरी कार्यक्रम गेला. मॉनिटरचा ऑक्स कायम प्री फेडर ठेवा, म्हणजे तुम्ही बाहेरचा फेडर वर खाली केला तरी स्टेजवर फरक पडणार नाही. पोस्ट फेडर राहिला तर बाहेर आवाज वाढवला की मॉनिटर पण वाढतो आणि शिट्टी. इकोचा ऑक्स मात्र पोस्ट फेडर. शाहिराच्या मॉनिटरमध्ये स्वतःचा गळा आणि पेटी, बस. ढोलकी त्याच्या शेजारीच वाजत असते, ती मॉनिटरमध्ये घालायची काही गरज नाही. झीलकऱ्यांच्या मॉनिटरमध्ये शाहीर पाहिजे, नाहीतर "जी जी रं जी जी" उशिरा पडतं, आणि झील उशिरा पडली की पोवाड्याची हवाच जाते.

शिट्टी काढायची पद्धत सांगतो. कार्यक्रमाच्या आधी, लोक यायच्या आधी, मॉनिटरचा ऑक्स हळूहळू वाढवत न्या. एका क्षणी माईक वाजायला लागतो, अजून किंचाळत नाही, नुसता एक सूर धरतो. तिथंच थांबा. तो सूर कुठला ते ओळखा आणि ग्राफिक ईक्यूवर (आवाजाचा एकेक बारीक भाग वेगळा कमीजास्त करणाऱ्या पट्ट्यांवर) ती पट्टी ३ ते ६ डेसिबल खाली घ्या. परत वाढवा, दुसरा सूर येईल, तो कापा. तीन चार वेळा झालं की बास, त्यापुढं गेलात तर सगळ्याच पट्ट्या खाली जातात आणि आवाज मेलेला येतो, मग त्यापेक्षा मॉनिटर सरकवा नाहीतर माईक बदला.

सूर ओळखायला एक युक्ती आहे जी मी प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो. शिट्टी कुठल्या स्वरासारखी येतेय ते बघा. ऊ सारखी घुमली तर २५० च्या आसपास, ओ सारखी असेल तर ५००, आ सारखी असेल तर १००० हर्ट्झ, ए असेल तर २०००, आणि ई सारखी कान टोचणारी असेल तर ४०००. ऊ ओ आ ए ई, या क्रमानं दर वेळी दुप्पट. अगदी बरोबर पट्टी नाही सापडली तरी त्याच्या शेजारची सापडते, आणि एक महिना रोज दहा मिनिटं मोबाईलवर टोन लावून सराव केला की हात आपोआप त्या पट्टीवर जातो. ३१ पट्ट्यांच्या ईक्यूसमोर अंधारात घाबरून उभं राहायचं नसेल तर हे कराच. डिजिटल मिक्सरवर आरटीए असतो, कुठली पट्टी उसळतेय ते दिसतं, पण स्क्रीन बघून शोधेपर्यंत गर्दीनं कान झाकलेले असतात, कान तयार असलेला बरा.

कार्यक्रम सुरू झाला की काय करायचं? मुख्य म्हणजे ऐकायचं, आणि हात फेडरवर ठेवायचा. पोवाड्यात शाहीर मध्येच गायचं थांबवून बोलतो, हळू आवाजात, "आणि मग मंडळी..." असं. तिथं लोक पुढं झुकतात, सगळा कार्यक्रम त्या दोन वाक्यांत असतो. इको चालू राहिला असेल तर ती वाक्यं एकमेकांवर चढतात. गायला लागला की इको थोडा, बोलायला लागला की इको म्यूट, हे बोट कायम तयार ठेवा. आणि बोलताना फेडर ३-४ डेसिबल वर, चढी ओळ येतेय हे त्याच्या श्वासावरून कळतं, तेव्हा परत खाली. म्हणून मी मिक्सर स्टेजच्या मागं कधी लावत नाही, प्रेक्षकांत लावतो, समोरून, जिथून त्याचा चेहरा दिसतो. कॉम्प्रेसर (चढलेला आवाज आपोआप दाबणारा) असेल तर गळ्याला ३ ला १ च्या आसपास लावा, चढ्या ओळीला मीटर ५-६ डेसिबल दाबेल एवढाच. त्याचा मेकअप गेन, म्हणजे दाबलेला आवाज परत वाढवायचं बटण, मात्र जपून, तिथं वाढवलेला प्रत्येक डेसिबल शिट्टीच्या जवळ नेतो. झीलकऱ्यांचा फेडर ते गात नसतात तेव्हा थोडा खाली घ्या, पूर्ण बंद करू नका, कारण ते कधी "हा जी" म्हणतील याचा नेम नाही आणि ते चुकलं की वाईट दिसतं.

टॅबवरून मिक्सर चालवता येत असेल तर एकदा उठून शेवटच्या रांगेत जाऊन या. बेहरिंजरचा एक्स ३२ २०१२ मध्ये आल्यापासून ही सोय हळूहळू आपल्या बजेटमधल्या माणसालाही परवडायला लागली आणि मला तरी हा सगळ्यात मोठा फरक वाटतो. फक्त राऊटर स्वतःचा आणि ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, २.४ वर गर्दीतले शेकडो मोबाईल आणि आजूबाजूच्या घरांचं वायफाय असतं, ऐन वेळी टॅब डिसकनेक्ट होतो. आणि मिक्सरपाशी कुणीतरी बसलेलं पाहिजेच, सोडून जायचं नाही.

मध्येच सत्कार असतो. पाहुणे येतात, माईक हातात घेतात आणि जाळीवर मूठ आवळतात. माईकला पाठीमागचं टाळायला मदत करणारी जी छिद्रं असतात ती जाळीच्या मागच्या बाजूलाच असतात, ती झाकली की माईक सगळीकडचं ऐकायला लागतो आणि शिट्टी ठरलेली. पाहुण्याला काही सांगता येत नाही. मी निवेदकाला आधीच सांगून ठेवतो की माईक देताना खालच्या टोकाला धरून द्या, म्हणजे समोरचा पण मधूनच धरतो. भाषणाला वेगळा माईक, वेगळं चॅनेल, शाहिराच्या माईकला कुणाला हात लावू द्यायचा नाही. आणि सत्कार चालू असताना शाहिराचा, पेटीचा, ढोलकीचा सगळा म्यूट.

रात्री दहाचं पण बोललं पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, सरकार वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देतं, तेवढेच. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पेठेत घरं भिंतीला भिंत लावून आहेत, आत म्हातारी माणसं, लहान बाळं, परीक्षेची पोरं असतात. पोवाड्याला शब्द पाहिजे असतो म्हणून तो कमी आवाजात पण रंगतो, जमिनीला हादरे द्यावे लागत नाहीत, हे मंडळांना पटवून सांगायला मला आवडतं. आणि साऊंडवाल्या पोरांनो, तुमचे कान. ८५ डेसिबलला आठ तास ठीक मानतात, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. मिरवणुकीत बेसच्या भिंतीला टेकून झोपणारी पोरं बघितली की जीव तुटतो माझा. कान गेला की हे कामच गेलं, इअर प्लग काही फार महाग नसतात.

कार्यक्रम संपला, शाहिराला पाणी दिलं, की आधी ॲम्प बंद, मग मिक्सर. माईकची जाळी उघडून आतला स्पंज सुकवायचा, पोवाड्यात थुंकी आणि घाम दोन्ही जातात. केबल कोपराला गुंडाळू नका, आतले तार पिळतात आणि तुटतात, एक वेढा वरून एक वेढा खालून अशी गुंडाळा. जी केबल खरखरली असेल तिला तिथल्या तिथं गाठ मारा, म्हणजे पुढच्या वेळी घाईत ती परत स्टेजवर जाणार नाही. घरी सोल्डर करताना एक्सएलआरची (माईक केबलच्या तीन पिनांच्या कनेक्टरची) पिन १ जाळी, २ गरम, ३ थंड (सिग्नलची सरळ आणि उलट तार), हे दोन्ही टोकांना तेच पाहिजे. २ आणि ३ एका टोकाला उलट झाली तरी माईक वाजतो, म्हणून कळत नाही, पण तो शेजारच्या सरळ माईकशी भांडतो आणि दोन्ही एकत्र उघडले की गळा पातळ होतो, पोकळ येतो. केबल टेस्टर नसेल तर मल्टिमीटरनं एकेक पिन तपासून मगच केबलच्या पेटीत टाका.